मुलांना टाळ्या पुरे, आता काम द्या
(वडोदऱ्यात मंडळाच्या सभासदांपुढे झालेले भाषण)



मी शिक्षक नाही आणि पुढारीही नाही. बी.कॉम. होऊन बँकेत लागलेला, काउंटरवर बसणारा कारकून आहे. त्यामुळे आज जे बोलेन ते जमाखर्चाच्या भाषेत बोलेन. सांभाळून घ्यावे.

आपल्या मंडळांचे मुलांसाठीचे कार्यक्रम आठवा. पाठांतर, वेशभूषा, वक्तृत्व, नाट्यछटा. मूल स्टेजवर येते, बोलते, टाळ्या घेते आणि बक्षीस घेऊन आईशेजारी जाऊन बसते. हे सारे हवेच, घराबाहेर मराठी जिभेवर राहते ती त्यामुळेच. पण शहरासाठी काही करायची वेळ आली की त्याच मुलाला आपण म्हणतो, "तू अजून लहान आहेस." पुढे ते मोठे होते आणि पुण्याला, बेंगळुरूला, नाहीतर परदेशी निघून जाते. मग सभेत ठरलेली तक्रार होते, मंडळाला कार्यकर्ते मिळत नाहीत. अहो, ज्या खात्यात कधी भरणाच केला नाही, त्यातून काढणार काय?

प्राथमिक शाळेतली मुले समाजाचे काम पुढे होऊन करू शकतात का? उत्तरासाठी लांब जायला नको. अहमदाबादला किरण बीर सेठी यांची रिव्हरसाइड नावाची शाळा आहे, २००१ साली सुरू झालेली. तिथे पाचवीतल्या मुलांना बालहक्क शिकवायचे होते. नुसता धडा वाचून न दाखवता त्यांना आठ तास अगरबत्त्या वळायला बसवले. पाठ-कंबर दुखल्यावर बालमजुरी म्हणजे काय ते कळले, आणि मग तीच मुले शहरात फिरून मोठ्यांना ती बंद करण्याबद्दल पटवू लागली. याच शाळेतून २००९ मध्ये 'डिझाइन फॉर चेंज' हा उपक्रम निघाला आणि पुढे अनेक देशांत गेला. त्याच्या पायऱ्या चारच. मुलांनी आजूबाजूला पाहून काय खटकते ते शोधायचे, उपाय सुचवायचा, तो करून पाहायचा आणि इतरांना सांगायचा. यातली पहिली पायरी फार महत्त्वाची आहे. प्रश्न मुलांनी निवडायचा. आपण निवडून दिला की ती पुन्हा नाट्यछटाच झाली.

कोणी म्हणेल, पैशाचे, जबाबदारीचे काम मुलांना झेपेल का? रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्येच दहा वर्षांवरील मुलांना स्वतःच्या सहीने बचत खाते चालवू देण्याची मुभा बँकांना दिली आणि २०२५ च्या नव्या सूचनांत ती कायम ठेवली. मर्यादा बँक ठरवते, आणि खाते उणे होता कामा नये. देशाची मध्यवर्ती बँक पाचवीतल्या मुलावर एवढा विश्वास टाकते. आपण मात्र त्याला वर्गणीचे पावतीपुस्तक धरायला देतो आणि हिशोबाची वही कपाटात ठेवतो!

आता आपल्या शहराकडे येतो. ऑगस्ट २०२४ चा पूर कोणी विसरलेले नाही. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २६ फूट, आणि पाणी ३५ फुटांच्याही वर गेले. त्या वेळी ज्या घरात एकटे म्हातारे माणूस होते, त्याचे हाल सर्वांत जास्त. आपल्या जुन्या घरांतून अशी माणसे कमी नाहीत, कारण त्यांची मुले बाहेरगावी आहेत.

मुलांसमोर नमुना म्हणून एक काम ठेवावे असे मला वाटते. आठ ते अकरा वर्षांच्या मुलांचे गट करा. आपापल्या पोळीत, सोसायटीत त्यांनी घरोघर जाऊन विचारावे: इथे एकटे कोण राहते? जिना कोणाला चढवत नाही? रोजचे औषध कोणाला लागते? वरच्या मजल्यावर शेजाऱ्याला जागा कोण देईल? यादी मुलांनी करावी आणि पावसाळ्याआधी वॉर्ड ऑफिसात मुलांनीच नेऊन द्यावी. घर मराठी, गुजराती की मुसलमानाचे, हे पाहायचे नाही. पाणी ते पाहत नाही.

आपली जबाबदारीही ठरलेली असावी. प्रत्येक गटाबरोबर एक मोठे माणूस, पण त्याने बोलायचे नाही. यादी आणि फोन नंबर त्याच्याच ताब्यात राहावेत. पुराच्या पाण्याजवळ मुलांना अजिबात न्यायचे नाही, आणि परीक्षेच्या दिवसांत काम बंद. पैसे मंडळाच्या खात्यात, रोजची वही मात्र मुलांकडे, झेरॉक्सच्या दोन रुपयांसकट. आणि कोणत्याही पक्षाचा झेंडा किंवा उमेदवाराचा फोटो जवळ फिरकता कामा नये. मुलांना पुढे करून आपली कामे साधणारे पुष्कळ असतात.

सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ मध्ये ते सगळ्या राज्याला लागू केले. ते केवळ मराठी मुलांसाठी नव्हते, प्रजेच्या सगळ्या मुलांसाठी होते. आपण त्यांचे नाव अभिमानाने घेतो. मग आपल्या मुलांनीही सगळ्या शहराच्या उपयोगी पडले पाहिजे.

कारभारात आपला आवाज पूर्वीसारखा राहिला नाही, असे आपण म्हणतो. आवाज मतांच्या संख्येने येतो तसा कामानेही येतो. दहा वर्षांची मुलगी यादी घेऊन वॉर्ड ऑफिसरसमोर उभी राहिली आणि "यावर तुम्ही काय करणार?" असे विचारले, तर तिला उत्तर द्यावेच लागेल. ते उत्तर मागायची सवय लागली की ती पुढे कुठल्याही गावी गेली तरी नागरिक म्हणूनच राहील.

पुढचा पावसाळा यायच्या आत निदान एका पोळीची यादी तयार व्हावी, एवढी सभेला विनंती करतो आणि आपली रजा घेतो.

जय हिंद, जय गुजरात, जय महाराष्ट्र!