दोन पावत्यांचं गणित

वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. वेगळा जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. त्याच्या काही वर्षं आधी मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि रेषीय बीजगणिताच्या पेपरात नापास झालो होतो. शाळा मराठी माध्यमाची. 'डिटर्मिनंट' म्हणजे शाळेतला 'निश्चयक'च, हेही ध्यानात आलं नव्हतं. मॅट्रिक्स म्हणजे चौकटीत मांडलेले आकडे, एवढंच ठाऊक. सूत्रं पाठ करायची आणि पेपरात उतरवायची.

कॉलेज सोडायचं ठरवूनच घरी आलो. वडील मालाच्या पावत्या घेऊन बसले होते. भावाचा रकाना कोरा, नुसती एकूण रक्कम. आकडे सोपे करून सांगतो. एका पावतीवर ३ क्विंटल सोयाबीन, १ क्विंटल तूर, मिळून २,८०० रुपये. दुसरीवर २ आणि १, रुपये २,२००. वडिलांनी तोंडीच वजाबाकी केली: सोयाबीन ६००, म्हणजे तूर १,०००.

शेजारच्या काकांची पावती ४ आणि २ क्विंटलची होती, रुपये ४,४००. मी म्हटलं, आपली दुसरी आणि ही घेऊन भाव काढू. निश्चयक मांडला: दोन गुणिले दोन, वजा एक गुणिले चार. उत्तर शून्य! मी अडकलो. वडील हसले. म्हणाले, "अबे, एकच गोष्ट दोनदा सांगतली, तं नवीन काय समजीन?"

काकांची पावती आमच्या पावतीची दुप्पट होती. निश्चयक शून्य येणं म्हणजे दुसऱ्या ओळीत नवी माहिती नसणं. ओळी दोन, पण मॅट्रिक्सची 'रँक' एकच. वर्षभर पाठ केलेलं त्या संध्याकाळी कळलं. कॉलेज सोडलं नाही. पुढच्या खेपेला विषय सुटला आणि आज मी तोच विषय शिकवतो.

नागपूरच्या सायन्स कॉलेजात शिकवलेले गणिती शरदचंद्र श्रीखंडे यांनी १९५९ साली बोस आणि पार्कर यांच्यासह ऑयलरचं पावणेदोनशे वर्षांचं अनुमान खोटं ठरवलं. त्याच वर्षी त्यांनी मांडलेलं एक जाळं त्यांच्याच नावानं ओळखलं जातं. बिंदू १६, प्रत्येक बिंदू सहांना जोडलेला. जोड असेल तिथे १, नसेल तिथे ० लिहिलं की मॅट्रिक्स तयार. तिच्या आयगेन व्हॅल्यू ६, २ आणि उणे २. चार बाय चारच्या पटावर हत्ती एका चालीत जिथे पोचतो ती घरं जोडली, तरी त्याच येतात, तितक्याच वेळा. पण दोन्ही जाळी वेगळी!

सारख्या गुणांच्या दोन गुणपत्रिका समोर आल्या की मला हे आठवतं. आकडा खोटं बोलत नाही, पण सगळं सांगतही नाही. म्हणून नापास झालेला मुलगा 'कॉलेज सोडतो सर' म्हणाला, की मी त्याला बसवतो आणि आधी त्या पावत्या मांडायला लावतो.