कामावरचा विळा-चाकू स्वतःचा हवा

आज आपण चाकूबद्दल बोलणार आहोत. स्वयंपाकघरातल्या नव्हे, कामावर सोबत असतो त्या चाकूबद्दल, विळ्याबद्दल आणि कोयत्याबद्दल.

गडीमाणसाच्या विजारीला खिसा असतो. त्यात घडीचा चाकू राहतो. खताची गोणी उघडायची, सुतळी कापायची, ठिबकची नळी तोडायची, की हात खिशात जातो. आपल्या साडीला खिसा नाही. आपलं हत्यार पाटीत, डब्याच्या पिशवीत, नाहीतर कमरेला खोचलेलं. म्हणून ‘कामावरचा चाकू’ म्हटलं की डोळ्यांसमोर बाप्याच उभा राहतो. पण दिवसभरात पातं कुणाच्या हातात जास्त वेळ असतं, हे जरा मोजून बघा.

आपल्या सोनई-घोडेगाव पट्ट्यात उन्हाळ कांदा निघाला की काटणी कोण करतं? आपणच. कांदा उपटून तीन ते पाच दिवस पातीसकट शेतात सुकवायचा आणि मग साधारण एक-दीड इंच नाळ ठेवून पात कापायची. नाळ अगदी बुडातून उडवली तर तिथून सड शिरते आणि चाळीतला कांदा खराब होतो. म्हणजे चाळ टिकते की नासते, हे आपल्या हातातल्या विळ्यावरही ठरतं. धार असेल तर पात एका ओढीत सुटते. बोथट असेल तर ती चिरडते, ओढली जाते आणि नाळ फाटते.

उसाचंही तसंच. मुळा कारखान्याचं धुराडं पेटलं की टोळ्या येतात. बहुतेक टोळ्यांत बाई पाचट काढते, वाढं छाटते, मोळी बांधते आणि ती डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. ऊस जमिनीलगत तोडायचा असतो. बुडख्यात साखर जास्त असते आणि खोडवाही नीट फुटतो. त्यासाठी वाकून, एका घावात तोडणारं पातं लागतं. आणि टोळीचा हिशेब कसा होतो ते तुम्हाला माहीतच आहे. नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. एकटं माणूस असेल तर ‘अर्धा कोयता’. मुकादमाकडून उचल मिळते ती जोडीला, पण ती बहुतेक वेळा घेतो आणि मोजतो पुरुष. हात चार, मोजणी एक.

आता मुद्द्याचं बोलते. घरात नवं हत्यार आलं की ते कुणाकडे जातं? आणि जुनं, झिजलेलं, मूठ हललेलं कुणाकडे येतं? विचार करा. पुष्कळ घरांत बाईच्या वाट्याला उरलेला विळा येतो. मूठ तिच्या हाताला मोठी, पातं जड, धार गेलेली. मग ती जास्त जोर लावते. जोर लावला की पातं सटकतं, आणि सटकलेलं पातं बोटावर येतं. धारदार विळा कापतो म्हणून आपण भितो, पण बोथट विळाही तेवढाच घात करतो, कारण तो कुठे जाईल याचा भरवसा नसतो.

पैशाचंही बघा. काटणी उक्ती घेतली, समजा दहा जणींनी मिळून. विळे चांगले असते तर काम दोन दिवसांत उरकलं असतं. बोथट असल्यामुळे अडीच दिवस लागले. ठरलेली रक्कम तेवढीच राहिली. म्हणजे दहा जणींचा अर्धा-अर्धा रोज, मिळून पाच रोज, बोथट विळ्यांनी खाल्ले. शिवाय मनगट आणि खांदा दुखतो तो वेगळाच.

म्हणून माझं सांगणं एकच आहे. कामावरचं हत्यार तुमचं स्वतःचं असू द्या, तुमच्या हातासाठी घेतलेलं.

घेताना काय बघायचं? बाजारात लोहारापुढे बसून हत्यार आधी हातात धरा. मूठ धरल्यावर बोटं तळव्याला टेकायला हवीत. त्यापेक्षा जाड मूठ नको. मूठ आणि पातं जिथं जोडलंय तिथलं कडं घट्ट हवं, पातं जराही हलता कामा नये. हलकं हत्यार घ्या, दिवसभर तुम्हालाच उचलायचंय. विळ्याची धार बहुधा एकाच बाजूने काढलेली असते. डावखुऱ्या असाल तर लोहाराला तसं सांगून धार काढून घ्या. ‘वैभव विळा’ नावाचा बारीक दातेरी विळाही मिळतो. तो हलका असतो आणि त्याला वारंवार धार लावावी लागत नाही. गहू, ज्वारी, गवत यांना तो चांगला. घडीचा चाकू घेणार असाल तर उघडल्यावर अडकून बसणारा घ्या. नुसता घडी होणारा चाकू टोचताना उलटा मिटतो आणि बोटं मध्ये सापडतात.

शनिवारी लोखंड विकत घेऊ नये, असं आपल्याकडे म्हणतात. पाळत असाल तर रविवारी घ्या, पण घ्या. पुढच्या हंगामावर ढकलू नका.

धार लावणं हे काही फक्त बाप्यांचं काम नाही. धारेचा दगड ओला करा. पातं त्यावर जवळजवळ आडवं टाका आणि पाठ किंचित उचला, खाली एक-दोन नाणी सरकतील एवढीच. मग मुठीपासून टोकापर्यंत एका दिशेने सावकाश ओढा. दहा-बारा वेळा ओढून धार तपासा. ती बोटावर तपासायची नाही. कांद्याची पात नाहीतर कागद कापून बघा. पातं खूपच गेलं असेल तर लोहाराकडून पाजवून घ्या. काम संपलं की माती, चीक पुसून तेलाचं बोट फिरवून ठेवा. उसाचं बेणं तोडत असाल तर कोयता मधूनमधून जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवा. उसाचे काही रोग कोयत्याबरोबर एका बेटातून दुसऱ्या बेटात जातात.

आता हत्यार नेण्या-आणण्याचं. उघडा विळा कमरेला खोचून गाडीवर मागे बसू नका. ठिबकच्या जुन्या नळीचा तुकडा घ्या, तो लांबीने चिरा आणि धारेवर चढवून दोऱ्याने बांधा. झालं म्यान तयार, एक पैसा खर्च नाही. मुठीला लाल चिंधी बांधा, म्हणजे गवतात, पाचटात पडलेला विळा दिसेल. कुणाला हत्यार देताना हातात देऊ नका, खाली ठेवा आणि तिला उचलू द्या. जुन्या बायका हे सांगत आल्या आहेत, आणि त्यात शहाणपण आहे. बसून काटणी करताना दोघींमध्ये हातभर अंतर ठेवा. पोरं जवळ खेळत असतील तर सुट्टीत विळा पाटीखाली झाका.

चाकूने काय करायचं नाही तेही सांगते. पातं स्क्रू फिरवायला, डबा उचकटायला वापरू नका. टोक मोडून डोळ्यात उडतं. मांडीवर काही ठेवून कापू नका. आणि मोटारीच्या पेटीतली, बोर्डाची वायर चाकूने सोलायला कधी जाऊ नका. लाइट गेली असं वाटतं आणि ती मध्येच येते.

एवढं सांभाळूनही कधी कापलं तर? आधी स्वच्छ वाहत्या पाण्याने धुवा. स्वच्छ फडकं ठेवून दहा मिनिटं घट्ट दाबा, हात वर धरा. मध्येमध्ये उघडून बघू नका. हळद, चुना, तंबाखू, मिसरी, माती यातलं काहीही जखमेत भरू नका. रक्त थांबत नसेल, बोट वाकत नसेल किंवा पुढचा भाग बधिर वाटत असेल, तर आतली शीर किंवा नस तुटलेली असू शकते. तेव्हा घरी पट्टी बांधून बसायचं नाही, दवाखाना गाठायचा. मातीतली जखम असेल आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षं झाली असतील, तर ते पुन्हा घ्यावं लागतं. सरकारी दवाखान्यात आता त्याला टीडी म्हणतात. बोटाचा तुकडाच पडला, तर तो ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फात ठेवा. तुकडा थेट बर्फात टाकायचा नाही. १०८ ला फोन करा. तास वाया गेले की बोट जोडण्याची आशा कमी होते.

हे मी इतकं सविस्तर का सांगते? शेतकऱ्यांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात अनुदान योजना आहे. तिच्यात मृत्यूला दोन लाख आणि एक हात किंवा पाय निकामी झाला तर एक लाख रुपये मिळतात. पण ती सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एका माणसाला. जिच्या घरी जमीनच नाही, ती त्यात बसत नाही. आणि नुसतं बोट गेलं तर त्यात धरलं जात नाही. ज्या बोटांवर आपली रोजी आहे, त्यांची राखण आपल्यालाच करायची आहे.

एक प्रश्न नेहमी येतो. पिशवीत विळा-चाकू दिसला तर पोलीस पकडतील का? पुण्यात कोयते घेऊन दहशत माजवणाऱ्या टोळ्यांच्या बातम्या आल्या, आधार कार्ड बघून मगच कोयता विका असं पोलिसांनी २०२३ साली विक्रेत्यांना सांगितलं. तेव्हापासून ही भीती वाढली. १९५९ च्या शस्त्र कायद्यात, केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू शस्त्रात धरलेल्या नाहीत. तरी हत्यार कामावर जाता-येता, झाकून न्या. यात्रेत, गर्दीत, भांडणाच्या जागी ते सोबत नको. विचारलं तर कुठल्या रानात, कशाच्या कामाला चाललो ते सरळ सांगा.

शेवटी एक काम देते. येत्या बचत गटाच्या बैठकीला प्रत्येकीने आपलं हत्यार घेऊन या. मधोमध चादर टाकून मांडा. कुणाचं बोथट आहे, कुणाची मूठ हलते, कुणाकडे स्वतःचं हत्यारच नाही, ते बघा. त्याच दिवशी धार लावणाऱ्याला किंवा लोहाराला बोलवा, सगळ्यांचं एकदम केलं तर दरही कमी करून मागता येईल. जिच्याकडे विळा नाही तिला गटातून छोटी उचल द्या, काटणीच्या पहिल्या पैशातून ती फेडेल. आणि उक्तं ठरवताना मालकाला विचारा, विळे आमचे, तर धारेचा खर्च कुणाचा? विचारायला पैसे पडत नाहीत.

बरं, येते मैत्रिणींनो. हात सांभाळा. नमस्कार.