छापण्याआधी कापड

टी-शर्टवर काय छापायचे यावर आपल्याकडे तासभर चर्चा होते. कशावर छापायचे, यावर पाच मिनिटेही होत नाही. गणपती, शिवजयंती किंवा वणीच्या गडावर पायी जाणाऱ्यांची तयारी सुरू झाली, की पिंपळगाव बसवंतची पोरे माझ्याकडे येतात. म्हणतात, "चाचा, पाठीवर टाकायला चार शब्द द्या." कवीचा गावाला एवढा उपयोग आहे, याचा मला आनंदच आहे. पण मी आधी विचारतो, "बाबांनो, कोरा टी-शर्ट दाखवा."

कारण शब्द वाचणार मागून चालणारा; कापड सोसणार घालणारा.

टी-शर्टचे कापड आपल्या मालेगावच्या यंत्रमागावरच्या कापडासारखे नसते. मागावर उभा आणि आडवा, असे दोन धागे एकमेकांतून जातात. टी-शर्टची होजिअरी स्वेटरसारखी, फाशात फासा अडकवून विणलेली असते. म्हणून ती अंगाबरोबर ताणली जाते, आणि म्हणूनच धुतल्यावर आटते, कधी पिळवटते. अशा मालाचे देशातले मोठे केंद्र म्हणजे तमिळनाडूतले तिरुप्पूर.

दुकानदार 'जीएसएम' सांगतो. घाबरू नका. एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन, एवढाच त्याचा अर्थ. १४०च्या खाली पांढरे कापड बहुधा आरपार दिसते; १८०च्या आसपासचे अंगावर नीट बसते. आकडा ऐकून थांबू नका. टी-शर्टच्या आत हात घाला. एका पदरातून बोटांच्या रेषा स्पष्ट दिसल्या, तर तो ठेवून द्या. 'कोम्ब्ड' म्हणजे आखूड तंतू विंचरून काढलेले सूत. त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, त्यावर बारीक अक्षरेही स्वच्छ उठतात.

पुढचा प्रश्न, सुती की पॉलिस्टर? याचे उत्तर छपाईवर अवलंबून आहे. जाळीच्या चौकटीतून शाई ओढणारी स्क्रीन छपाई सुती कापडावर उत्तम होते. चहाच्या कपांवर फोटो छापतात ती उष्णतेची पद्धत, सब्लिमेशन, तिला पॉलिस्टरच लागते. निव्वळ सुतीवर ते रंग फिके पडतात, धुण्यात जातात. म्हणून छापणाऱ्याला आधी विचारा, माल नंतर घ्या. दुकानदाराच्या शब्दावर शंका असेल, तर शिवणीतला एक धागा नको, कापडाचाच एक धागा काढून जाळा. सुताची कागदासारखी राख होते. पॉलिस्टर वितळून कडक मणी बनतो.

पांढऱ्या रंगाचा एक फायदा आहे. गडद कापडावर आधी पांढऱ्या शाईचा थर द्यावा लागतो. इथे तो खर्च वाचतो. वाचलेला पैसा कापडात घाला. निळसर चकाकीला मात्र भुलू नका. ती बऱ्याचदा उजळपणा आणणाऱ्या रसायनाची असते.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे, शंभराची मागणी देण्याआधी एक नग विकत घ्या. उंची-रुंदी मोजून लिहून ठेवा. दोनदा धुवा, वाळवा, पुन्हा मोजा. बाजूची शिवण पोटावर आली का, गळा सैल पडला का, ते पाहा. मग एकावर छापून तोही धुवा. या चार दिवसांत कळते ते कुठल्याही जाहिरातीत कळत नाही.

एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. पण हा पैसा वर्गणीचा असतो. कांद्याला भाव नसलेल्या वर्षीही कुणीतरी शंभराची नोट काढून दिलेली असते. आणि मिरवणूक संपली म्हणून टी-शर्ट संपत नाही. चांगला असेल, तर तो ऑक्टोबरच्या छाटणीला द्राक्षबागेत जातो, बाजार समितीत टोमॅटोच्या क्रेटखाली खांद्यावर असतो. मोठ्या भावाचा धाकट्याला येतो. वाईट असेल, तर पहिल्या धुण्यातच फरशी पुसायचे फडके होतो, आणि त्यावर आपल्या मंडळाचे, कधी आपल्या दैवताचे नाव असते.

ज्या नावासाठी आपण एकमेकांशी भांडायला तयार असतो, ते पायाखाली येऊ नये, एवढी काळजी तर कापड निवडतानाच घेता येते. चार शब्द मी केव्हाही देईन. ते टिकवायचे काम सुताचे आहे.