श्रवणयंत्र घेण्याआधी मधला कान तपासा
(माबेला येथे भजनानंतर झालेले भाषण)



ऐकू कमी यायला लागलं की घरचे ठरवून टाकतात, वय झालं, आता मशीन आणा. वयामुळे येणारा बहिरेपणा बहुतेक आतल्या कानाचा असतो, तिथे मशीन उपयोगी पडतं. पण मधल्या कानात पाणी साठलं असेल किंवा तिथलं बारीक हाड घट्ट बसलं असेल, तर औषधाने किंवा ऑपरेशननेही गुण येऊ शकतो. मग मशीनचा खर्च आधी का करायचा?

सीबहून मुंबईला जाताना विमान उतरू लागलं की कानाला दडे बसतात, आवंढा गिळला की सुटतात. पडद्यामागच्या पोकळीपासून नाकाच्या मागे एक नळी जाते, ती उघडते म्हणून. सर्दीने ती बंदच राहिली तर आतला दाब उतरतो, पाणी साठतं.

हे टिम्पॅनोमेट्रीत कळतं. कानाच्या तोंडाशी रबरी बोंडी बसवतात, 226 हर्ट्झचा सूर सोडतात आणि हवेचा दाब कमी-जास्त करतात. परत येणाऱ्या आवाजावरून आलेख निघतो. पडदा नीट हलत असेल तर डोंगरासारखा, आत पाणी असेल तर सपाट. पखवाजाच्या धुमेला कणीक लावली की नाद बदलतो ना, तसंच. मात्र पडद्याला भोक असलं किंवा मळ दाटला असला तरीही रेषा सपाट येते, म्हणून डॉक्टरांनी आधी कानात बघितलं पाहिजे.

नव्या यंत्रांत टिकटिक आवाजातून 8000 हर्ट्झपर्यंतचे सूर एकदम सोडतात आणि कानाने कोणता किती शोषला ते मोजतात. साध्या आलेखात न दिसलेलं घट्ट हाड यात कधीकधी उमगतं.

आजी-आजोबांनो, यात बटण दाबायचं नाही, उत्तर द्यायचं नाही. काही क्षण बोलू नका, गिळू नका, एवढंच. ऐकण्याची चाचणी मात्र वेगळी, तीही करावीच लागते. आणि मोठ्या माणसाच्या एकाच कानात पाणी टिकून राहिलं, तर नाकाची मागची बाजू तपासून घ्यायला उशीर करू नका.

गावी जाणार असाल तर मुंबईत वांद्र्याला अलि यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, 1983 पासून याच कामासाठी. विश्वस्तांना माझी विनंती, श्रवणयंत्राच्या मदतीसाठी अर्ज येईल तेव्हा दोन्ही चाचण्यांचे रिपोर्ट मागावेत, आणि ज्यांना परवडत नाही त्यांच्या तपासणीचा खर्चही मदतीत धरावा.