ठरलेले काम अशक्य झाले तर



आम्ही वकील नाही. बँकेत कारकुनी करतो, शिक्षण कला शाखेचे. तरी कायद्याच्या एका कलमावर बोलण्याचे धाडस करतो, कारण ते कलम एकदा आपल्याच दारात येऊन उभे राहिले होते.

२०२० साली १४ एप्रिलच्या जयंतीसाठी लोणावळ्यात मंडप व लाऊडस्पीकर ठरवला होता. दहा हजार रुपये आगाऊ देऊन पावती घेतली. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली आणि जयंती घराघरांत झाली. पुढे पैसे मागितले तेव्हा मंडपवाला म्हणाला, "मी कुठे नाही म्हटलं होतं? बंदी सरकारची." इकडे आमचे तरुण म्हणू लागले, कार्यक्रम बुडाला, नुकसानभरपाईही घ्या. दोन्ही बाजूंचे चुकत होते.

१८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम ५६ सांगते की, करार झाल्यानंतर काम अशक्य झाले, किंवा वचन देणाऱ्याला टाळता न येणाऱ्या घटनेमुळे बेकायदेशीर झाले, तर करार तेव्हापासून रद्दबातल ठरतो. म्हणजे भरपाईचा प्रश्न मिटला. पण आगाऊ रकमेचे काय? ते कलम ६५ मध्ये आहे, आणि कायद्यानेच दिलेले उदाहरण ऐकण्यासारखे आहे. एका गायकाने जलशासाठी हजार रुपये आगाऊ घेतले आणि तो आजारी पडला. आयोजकाचा बुडालेला नफा त्याने भरून द्यायचा नाही, मात्र हजार रुपये परत करायचे.

परंतु प्रत्येक अडचण म्हणजे अशक्यता नव्हे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात मावळातील गुलाबाची पॉलिहाऊसे पडली. समजा, एखाद्याने "माझ्याच पॉलिहाऊसची फुले देईन" असे लिहून दिले होते. तो सुटू शकेल. "पाच हजार गुलाब देईन" एवढेच लिहिले असेल, तर बाजारातून घेऊन द्या, असे समोरचा म्हणू शकतो. भाव वाढले ही सबबही सहसा चालत नाही. युद्धकाळात लष्कराला तूप पुरविणाऱ्यांनी वाढीव मोबदला मागितला होता. १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला.

१९५४ चा सत्यव्रत घोष खटला विद्यार्थ्यांनी जरूर वाचावा. कलकत्त्याजवळ रस्ते-गटारे करून भूखंड द्यायचे ठरले होते. महायुद्धात सरकारने ती जमीन तात्पुरती ताब्यात घेतली आणि कंपनीने करार संपला म्हणून हात झटकले. न्यायालय म्हणाले, अशक्य म्हणजे अक्षरशः अशक्यच असे नाही, कराराचा पायाच उखडला गेला तरी पुरे. पण इथे काम उरकायला मुदतच घातलेली नव्हती, तेव्हा उशीर झाला, पाया उखडला नाही.

एप्रिल २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दक्षिण कोरियातून पोलाद मागविणारे व्यापारी टाळेबंदीचे कारण घेऊन गेले. माल तिकडून निघाला होता, पोलादाची वाहतूक आवश्यक सेवेत होती, आणि बँकेचे पतपत्र हा तर वेगळाच, स्वतंत्र व्यवहार. अंतरिम दिलासा मिळाला नाही. (पतपत्र हाताळणाऱ्या आम्हा मंडळींना याचे नवल वाटले नाही.)

कर्जाच्या हप्त्यांबाबत तर फार गैरसमज झाला. मार्च ते ऑगस्ट २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली. आमच्या खिडकीवर कितीतरी जण "कर्ज माफ झालं ना, साहेब?" असे विचारत. माफ काहीच झाले नव्हते. व्याज चालूच होते. पैसे नसणे ही कलम ५६ ची अशक्यता नव्हे, हे तोंडावर सांगताना आम्हालाही जड जात असे.

आता मंडपवाल्याकडे वळतो. कायद्याने दहा हजार आपले होते. पण त्याचा पुरा हंगाम बुडाला होता आणि आपल्या कामासाठी त्याने कापड आणून ठेवले होते. बैठकीत बराच वाद झाला, शेवटी सात हजार घेऊन पावती फाडली. त्या पावतीवर बंदी आली तर काय करायचे, याची एक ओळ असती तर वाद झालाच नसता. २०२२ च्या पावतीवर ती ओळ आहे : कार्यक्रमास सरकारी मनाई झाल्यास आणलेल्या मालाचा खर्च वजा जाता आगाऊ रक्कम पंधरा दिवसांत परत. मंडपवाल्याने ती स्वतःच्या हाताने लिहिली.