शब्द दिसतो, अर्थ लागत नाही

अर्धशिशी म्हटलं की ठणकणारं डोकं आठवतं. पण काहींना डोकं दुखण्याआधीच निराळा त्रास होतो. माझंच सांगते. एका सकाळी पेपर वाचताना डोळ्यांपुढे चमचमती नागमोडी रेघ आली. ती पसरत गेली, मग उजव्या हाताला मुंग्या आल्या. थोड्या वेळानं मथळ्यातला 'पाणी' हा शब्द दिसत होता, अक्षरंही ओळखू येत होती. पण पाणी म्हणजे काय, ते काही केल्या उमगेना. सुनेकडे चहा मागायला गेले, तर तोंडून निघालं, 'चावी दे.' तिनं बिचारीनं आणूनही दिली!

या अवस्थेला 'ऑरा' म्हणतात. मेंदूच्या पृष्ठभागावरून उत्तेजनेची लाट सरकते आणि तिच्यामागच्या पेशी काही काळ गप्प होतात. ब्राझीलच्या लिआव यांनी १९४४ मध्ये सशाच्या मेंदूत अशी लाट नोंदवली. त्याआधी १९४१ मध्ये लॅशली यांनी स्वतःच्याच डोळ्यांपुढच्या रेघेवरून वेग काढला होता: मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर. गोगलगायसुद्धा पुढे निघून जाईल! ही लाट दृष्टीच्या भागाकडून भाषेच्या भागात पोचली, की शब्द अडतात, असं मानलं जातं.

अर्धांगाच्या झटक्यात वाचा बहुधा एकदम जाते, ऑरा हळूहळू चढतो. मात्र हा फरक घरी बसून ठरवायचा नाही. पहिल्यांदाच शब्द अडले, तर ताबडतोब रुग्णालय गाठायचं. मला सुनेनं तसंच रिक्षात घालून नेलं. वाटेतच शब्द परतू लागले, आणि डोकं ठणकू लागलं. चावी अजून माझ्या मुठीतच होती.