ब्रेकचे तेल का बदलायचे?

आज मोटारदुरुस्तीच्या शिक्षणाविषयी बोलू या.

पोरगा दहावी झाला, की आपण म्हणतो, "जा, तालुक्याला मिस्त्रीच्या हाताखाली राहा." पोरगा पाने उचलून देतो, चाके खोलतो. हात बसतो, हे खरे. मी काही मिस्त्रीला नावे ठेवत नाही. पण असे का, तसे का, हे त्या पोराला कोण सांगणार?

आता ब्रेकचेच घ्या. मोटारीच्या ब्रेकच्या नळीत तेल असते. आपण पाय दाबला, की तो जोर तेलातून चाकापाशी पोचतो. पण हे तेल हवेतला ओलावा ओढून घेते. पावसाळ्यात मीठ ओले होते ना, तसेच! डबी भरलेली दिसते, पण तेलात पाणी मुरलेले असते. गाडी घाट उतरू लागली, की ब्रेक सारखे दाबावे लागतात. ते तापतात. मुरलेल्या पाण्याची वाफ होते. तेल दाबले तरी आटत नाही, वाफ मात्र दबते. मग पाय खाली जातो आणि गाडी काही थांबत नाही. गाडीत माणसे असतात हो! म्हणून डबी भरलेली असली तरी ठरल्या मुदतीत तेल बदलायचे. "कमी झाले तर ओत," एवढेच शिकलेल्या पोराला हे कसे कळावे?

हे सारे आय.टी.आय.मध्ये, म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, शिकवतात. मोटार मेकॅनिकचा अभ्यास २ वर्षांचा, डिझेल मेकॅनिकचा १ वर्षाचा. दोन्हींना दहावी पास लागते. मुलीही हे काम शिकतात. पुढे कारखान्यात शिकाऊ उमेदवारी करता येते. १९६१ च्या कायद्याप्रमाणे त्या काळात विद्यावेतन मिळते.

जुने मिस्त्री नुसत्या आवाजावरून इंजिनाचे दुखणे ओळखतात. मोठी विद्या आहे ती! पण १ एप्रिल २०२० पासून धुराचे नियम फार कडक झाले. नव्या गाडीत बारीक बारीक सेन्सर आले. बिघाड कोणता, ते यंत्र जोडून पडद्यावर वाचावे लागते. तिथे नुसता कान पुरत नाही.

एक करा. अर्ज भरण्याआधी पोराला घेऊन संस्थेत जा आणि कार्यशाळा बघा. इंजिने खोललेली आहेत का? पोरांचे हात काळे झालेत का? नुसता फळा आणि खडू दिसला, तर दुसरी संस्था शोधा.